कॅरल ऐकताना अंगावर काटा का येतो, आणि काहींना का येत नाही

एकाच हॉलमधे बसून एकच गाणं ऐकलेले लोक बाहेर येऊन इतकं वेगवेगळं कसं बोलतात हा प्रश्न मला कॉयरच्या, म्हणजे एकत्र गाणाऱ्या समूहाच्या, बाबतीत नेहमी पडतो. ख्यालाच्या मैफिलीनंतरही आमच्याकडे ग्वाल्हेरात वाद होतात, पण ते ओळखीचे वाद असतात, कुणी म्हणतं तान घाईत घेतली, कुणी म्हणतं विलंबितमधे जीव नव्हता, आणि दोघांनाही समोरचा कशाबद्दल बोलतोय ते कळत असतं. कॅरलचं, म्हणजे कॉयर म्हणते त्या नाताळच्या गाण्यांचं, तसं नाही. गेल्या डिसेंबरात, तानसेन समारोहाची चर्चा अजून संपली नव्हती तेव्हा, आमच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींचा एक घोळका मुरारकडे एका शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमाला गेला होता, कारण घोळक्यातल्याच एकीची मुलगी कॉयरमधे आल्टोच्या (बायकांच्या खालच्या आवाजांच्या) रांगेत उभी होती. परत येताना गाडीत जे बोलणं झालं ते ऐकून वाटलं की हे लोक सहा वेगवेगळ्या ठिकाणी गेले होते की काय.

मामीचे डोळे लाल. भाचा म्हणाला काटा आला यार, दोन्ही हातांवर, पण का ते सांगता येत नाही. काका, जे तरुणपणी घराण्याचं गाणं रीतसर शिकलेत, ते म्हणाले सगळं छान होतं पण मेन गाणं कोण म्हणत होतं तेच कळेना. तबला वाजवणाऱ्या मित्राची तक्रार अशी की सरळ सहा मात्रांचा डोल आहे तर मग ठेका का नाही देत. आजी म्हणाल्या ती मधली अंगाईच होती ना, पण इतकी रडवी कशी? आणि एक जण पूर्ण वेळ मोबाईलमधे होता, त्याला विचारलं तर म्हणाला ठीक होतं.

माझं म्हणणं असं की यातली एकही प्रतिक्रिया चुकीची नाही आणि यातली एकही निव्वळ आवडीनिवडीची नाही, प्रत्येकीच्या मागे काहीतरी ठोस कारण आहे, थोडं आवाजाच्या शास्त्रातलं, थोडं मेंदूतलं आणि बरंचसं आपल्या कानाला लागलेल्या सवयीतलं.

काकांपासून सुरू करतो कारण त्यांचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. आपल्या संगीतात षड्ज एकदा लावला की लावला. तानपुरा सुरू झाला की शेवटपर्यंत तोच सा, तोच पंचम, आणि त्या न हलणाऱ्या जमिनीवर गाणारा फिरतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष एका आवाजावर आणि त्याच्या वळणांवर. भजनी मंडळात पंचवीस लोक असले तरी चाल एकच, फार तर बायका वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या. कॉयरमधे मात्र साधारण चार गट असतात, बायकांचे उंच आवाज म्हणजे सोप्रानो, खालचे आल्टो, पुरुषांचे उंच टेनर आणि अगदी खालचे बेस, आणि चारही गट एकाच वेळी तेच शब्द वेगवेगळ्या स्वरांवर म्हणत असतात. ओळखीची चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते. पण खरा खेळ खाली चाललेला असतो, कारण इथे जमीनच हलते.

हे वाचून कळणार नाही, करून बघा. घरात बाजा, म्हणजे हार्मोनियम, असेल तर (आपल्यातल्या निम्म्या घरांत कपाटावर एक असतोच) करंगळीने वरचा सा दाबून धरा आणि तो सोडू नका. आता त्याच हाताने खाली ग आणि प दाबा. स्वस्थ वाटतं, घरी आल्यासारखं. आता ग प सोडून म आणि ध दाबा, करंगळी तशीच. काहीतरी उघडल्यासारखं होतं. मग ग आणि ध दाबा, करंगळी अजूनही तिथेच. एकदम उदास. वरचा सा तिन्ही वेळा तोच होता, एक कणही हलला नाही, पण पहिल्यांदा तो मालक होता, दुसऱ्यांदा म च्या घरातला पंचम झाला आणि तिसऱ्यांदा ध च्या घरातला कोमल गंधार. ज्यांना मूर्च्छना माहीत आहे त्यांना हे लगेच पटेल, तिथेही षड्ज कुठे मानला त्यावर त्याच स्वरांचा अर्थ बदलतो, फक्त आपण ते निवांत करतो आणि कॉयर ते दर दोन मात्रांना करते. स्टेशनात उभ्या गाडीत बसलेलं असताना शेजारची गाडी हलली की आपलीच सुटल्यासारखी वाटते ना, तसं होतं, सोप्रानो एका स्वरावर स्थिर असते आणि बेस खालून सरकतो आणि पोटात काहीतरी हलतं.

म्हणून काकांना मेन गाणं सापडेना. त्यांचा कान पन्नास वर्षं एका आवाजाचा पाठलाग करायला शिकलाय आणि इथे पाठलाग करण्यासारखे चार निघाले. भाच्याला मात्र लहानपणापासून फिल्मी गाणी, गिटार, कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) हे सगळं कानावर आहे, त्याचा कान कुणाच्या मागे न धावता नुसता एकत्र आवाज घेत होता. म्हणजे शिकलेल्या कानाला अडचण आणि न शिकलेल्याला मजा, हे ऐकून काका थोडे चिडले होते पण असो.

चिडले कारण त्याच कार्यक्रमात एक गोष्ट फक्त त्यांनीच पकडली होती. मुलांनी एक कॅरल पियानोशिवाय म्हटलं, तीन कडवी, आणि शेवटी पियानोवाल्या बाईंनी जाता जाता एक कॉर्ड वाजवली तर ती मुलांच्या आवाजापेक्षा किंचित वर. काका पुटपुटले, उतरले सगळे. आजूबाजूच्या कुणाला काही कळलं नाही, पण काका बरोबर होते. साथीशिवाय गाणाऱ्या कॉयरचा सूर हळूहळू उतरणं ही जगभरच्या कॉयरची जुनी डोकेदुखी आहे, थकवा असतो, श्वास कमी पडतो, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याशी जुळवून घेता घेता सगळेच मिळून खाली घसरतात. आपल्याकडे तानपुरा हे होऊ देत नाही.

पण याच जुळवून घेण्यातून एक फार सुंदर गोष्टही होते आणि ती आपल्या लोकांना सांगितलीच पाहिजे. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तोच, कुणी तो छेडलेला नसतो, तो तारेच्या पाचव्या उपस्वरातून येतो (उपस्वर म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप निघणारे वरचे बारीक स्वर, मूळ स्वर पहिला धरून मोजलेले). बाज्यावरचा किंवा पियानोवरचा गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर त्यातले १४, म्हणजे अगदीच कमी नाही. जुने गवई बाज्यावर नाक मुरडायचे त्याचं एक कारण हेच. आता गंमत अशी की पियानो बंद झाला की चांगली कॉयर नकळत तो चढा गंधार सोडून तानपुऱ्यातल्या गंधाराकडे सरकते, कारण तिथे आवाज एकमेकांवर घासत नाहीत, गुळगुळीत बसतात. ज्या क्षणी बसतात त्या क्षणी हॉलमधे कुणीच गात नसलेला एक वरचा स्वर घुमल्यासारखा वाटतो, आवाज आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. मास्तर मुलांकडून आ, ई, ऊ नुसते घोटून घेत असतात ना, सगळ्यांचं तोंड सारखंच उघडलं पाहिजे म्हणून ओरडत असतात, ते याच्यासाठीच, स्वर एक आणि तोंडाचा आकार वेगळा असला की हे उपस्वर जुळत नाहीत. तानपुरा लावायला अर्धा तास घेणाऱ्या गावाने खरं तर हे सगळ्यात आधी ओळखायला हवं.

पुढचं, एवढे सगळे आवाज एकत्र असण्याचं. एका स्वरावर दहा जण असले तरी दहाही जण तंतोतंत एकाच जागी कधीच नसतात. एक सेकंदाला ४४० कंपनांवर गात असेल आणि शेजारचा ४४२ वर, तर त्या दोघांच्या आवाजातून सेकंदाला दोन हेलकावे तयार होतात. दोघंच असतील तर ते बेसूर वाटतं, पण वीस जणांचे असे शेकडो छोटे हेलकावे एकमेकांत मिसळले की कान वेगळे आवाज मोजायचं सोडून देतो आणि एक जाड, मखमली, हलता आवाज ऐकतो. शिवाय सगळे एकदम श्वास घेत नाहीत, ठरवून आळीपाळीने चोरून घेतात, त्यामुळे एका माणसाला शक्यच नाही इतका लांब स्वर न तुटता चालतो. आपलं शरीर दुसऱ्याच्या गाण्याबरोबर नकळत श्वास घेत असतं (लांब तान ऐकताना आपलाच दम कोंडतो ते आठवा), आणि इथे श्वासाची वाट बघावी तर तो येतच नाही.

आता भाच्याचा काटा. केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो, थंडीत किंवा भीतीने तो आखडतो आणि केस उभा राहतो, हे आपल्या हातात नसतं, धोक्याच्या वेळी जी यंत्रणा छाती धडधडवते तीच हे करते. मग गाण्यात धोका कुठला? इंग्लंडमधे जॉन स्लोबोडा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मधे लोकांना विचारून नेमक्या जागा शोधल्या, की गाण्यात कुठे काटा येतो आणि कुठे डोळ्यात पाणी. काटा येतो तिथे बहुतेक वेळा खालची संगती अचानक अनपेक्षित वळण घेते. पाणी येतं तिथे एखादा स्वर शेजारच्या स्वरावर क्षणभर रेंगाळून मग जागेवर टेकतो, आपल्या कण आणि मींडवाल्या लोकांना ही जागा वेगळी समजावायला नको. मग २०११ मधे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लोकांनी मेंदूचे फोटो काढून दाखवलं की अशा क्षणी डोपामिन सुटतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते त्या क्षणाच्या आधी, नुसत्या वाट बघण्यातही सुटायला लागतं. सम येणार हे माहीत असूनही समेवर मान हलतेच, ते का, याचं अर्धं उत्तर यात आहे.

कॅरलवाले या वाट बघण्याचा फार हुशारीने उपयोग करतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची नाताळची कॅरल सर्व्हिस २४ डिसेंबर १९१८ ला पहिल्यांदा झाली, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि १९२८ पासून बीबीसी ती रेडिओवर ऐकवते. (त्याच १९१८ मधे आमच्याकडे भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) तिथे सुरुवात एका लहान मुलाच्या एकट्या आवाजाने होते, साथ नाही काही नाही, आणि तयारी करून उभ्या असलेल्या मुलांपैकी कुणी गायचं ते अगदी ऐन वेळी खूण करून सांगतात. एक कडवं तो एकटा, मग कॉयर, मग ऑर्गन आणि सगळे लोक. एकट्या आवाजातून गर्दी उगवणं ही काटा आणणारी अगदी खात्रीची जागा आहे. दुसरी जागा शेवटच्या कडव्यात, चाल सगळे म्हणत असतात आणि सोप्रानो ती सोडून वर एक वेगळीच चाल सुरू करतात, तिला डिस्कँट म्हणतात. भाच्याला काटा कुठे आला ते मी खोदून विचारलं, तर तो म्हणाला शेवटी त्या मुली एकदम वर गेल्या तिथे. म्हणजे झालंच.

तबलजी मित्राचं उत्तर सोपं आहे. तो जे ऐकून मांडीवर बोटं आपटत होता ते म्हणजे सायलेंट नाइट, मूळ जर्मन, शब्द योसेफ मोर या पाद्र्याचे आणि चाल शेजारच्या गावच्या शाळामास्तराची, फ्रान्झ ग्रुबर त्याचं नाव, आणि ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ ओबर्नडॉर्फच्या चर्चमधे १८१८ च्या २४ डिसेंबरला दोघांनी मिळून ते पहिल्यांदा म्हटलं, साथीला फक्त गिटार. डोल खरंच सहाचा आहे, मित्र काही चुकला नाही. पण दादऱ्यात ठेका वेळ मोजतो आणि इथे ते काम श्वास करतो, ओळ संपली की सगळे किंचित थांबतात आणि तो थांबा दर वेळी सारखा नसतो, तबला लावला तर तो पिंजऱ्यात अडकेल. मित्राला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं हलका हात ठेवून वाजवता येईल, आणि येईलही, पण मग ते दुसरं गाणं होईल.

आजींचं मात्र मला कौतुक वाटतं. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही आणि त्यांनी बरोबर ओळखलं. ते होतं कॉव्हेंट्री कॅरल आणि ती अंगाईच आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात लोकरी कापड कातरणारे आणि शिंपी यांचा संघ धार्मिक नाटक करायचा, त्यातलं हे गाणं, शब्द १५३४ च्या प्रतीतले आणि चाल १५९१ ची. प्रसंग असा की हेरोद राजाने बेथलेहेममधले दोन वर्षांपर्यंतचे सगळे मुलगे मारायचा हुकूम काढलाय आणि आया मुलांना गप्प निजवतायत, रडू नका, ऐकू जाईल. म्हणजे नाताळचं गाणं असूनही त्यात आनंद फारसा नाही. प्रत्येक कडवं कोमल गंधारावर चालतं आणि त्याच्या शेवटच्या कॉर्डमधे तो गंधार एकदम शुद्ध होतो. एवढंच. एक स्वर एका पट्टीने वर. पण कडवंभर कान कोमलाला इतका सरावलेला असतो की तो शुद्ध गंधार ऐकून काय वाटतं ते धड सांगताही येत नाही, दिलासा म्हणावा तर प्रसंग तसा नाही. आजी म्हणाल्या शेवटी जरा उजाडल्यासारखं केलं त्यांनी. संगीतशास्त्राच्या पुस्तकातही याहून नेमकं मी वाचलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल बॉम्बने उद्ध्वस्त झालं आणि त्याच नाताळात त्याच्या पडक्या भिंतींमधून बीबीसीवर हे कॅरल म्हटलं गेलं. त्या वेळी रेडिओपाशी बसलेल्यांना तो शेवटचा गंधार कसा लागला असेल ते आपण काय सांगणार.

मामीचं रडणं वेगळं होतं, ती कॉन्व्हेंटमधे शिकली, तिला ही सगळी गाणी पाठ आहेत, आणि ओळखीचं गाणं कानावर पडलं की मेंदूचा कपाळामागचा जो भाग जागा होतो तोच आपल्या स्वतःच्या आठवणी जोडण्याचं काम करतो, हे अमेरिकेत २००९ च्या एका अभ्यासात दिसलंय. तिच्यासाठी कॉयर कशी गायली याला फारसं महत्त्व नव्हतं, बेसूर गायली असती तरी ती रडलीच असती. शिवाय ती बरोबर गुणगुणत होती. २०१३ मधे स्वीडनमधे गोथेनबर्गला तरुण मुलामुलींवर प्रयोग झाला तेव्हा दिसलं की एकत्र गाताना त्यांच्या हृदयाचे ठोके एकाच लयीत वरखाली व्हायला लागतात, कारण गाण्यामुळे सगळ्यांचा श्वास एका साच्यात येतो. वारीत किंवा गणपतीच्या आरतीत जे होतं तेच हे, फक्त कुणीतरी तारा लावून मोजलं.

टाळ्यांचा घोळ राहिलाच. आमची मंडळी चांगली जागा आली की तिथल्या तिथे वाहवा म्हणणारी, त्यामुळे एका सुंदर वळणावर काकांच्या तोंडून क्या बात है निघालं आणि पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. यात काका असंस्कृत नाहीत आणि त्या रांगा शिष्टही नाहीत. ख्यालात गाणारा तिथल्या तिथे रचत असतो, दाद मिळाली की तो तीच जागा अजून फुलवतो, म्हणजे दाद हा गाण्याचाच भाग. कॉयरचं सगळं आधी लिहिलेलं, दाद दिल्याने एक स्वर बदलणार नाही, उलट ते गाणं जुन्या दगडी चर्चसाठी घडलेलं आहे जिथे शेवटचा स्वर थांबल्यावरही आवाज काही सेकंद छताखाली फिरत राहतो, आणि मास्तर हात वर धरून उभे असतात ते तो विझेपर्यंत. तेवढा वेळ थांबायचं, मग हवं तेवढं ओरडा.

आणि मोबाईलवाला. त्याला नावं ठेवायला सगळे तयार होते, पण काही लोकांना संगीताने खरंच काही होत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मधे अशा लोकांवर काम केलं, त्यांचा कान ठीक असतो, सूर ओळखता येतो, बाकी गोष्टींतून मिळणारा आनंदही नीट मिळतो, फक्त संगीत आणि तो आनंद यांचा सांधा जुळलेला नसतो. आपला गडी त्यातला आहे की नुसताच कंटाळला होता हे मी ठरवणारा कोण. दुसरी शक्यता जास्त, कारण तो पहिल्या रांगेत अगदी डाव्या टोकाला बसला होता आणि तिथे त्याला फक्त जवळचा एक गट आणि स्पीकर ऐकू येत होता, म्हणजे त्याने कॉयर ऐकलीच नाही म्हणा ना.

तर यंदा जाणार असाल तर पुढे बसायचा हट्ट सोडा, हॉलच्या मधोमध किंवा थोडं मागे बसा, आवाज एकमेकांत मिसळायला तेवढं अंतर लागतं. पहिलं कडवं चाल ऐका, दुसऱ्यात चाल मुद्दाम सोडून फक्त बेसवाली मुलं काय करतायत तेवढंच ऐका, तिसऱ्यात काहीच करू नका. आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी साउंडवाल्याकडे जाऊन त्याने जागरणासाठी लावून ठेवलेला तो एको बंद करायला सांगा. तो ऐकणार नाही, पण सांगा.